मागच्या रांगेतला हात

मास्तरांचा हात वर गेला आणि स्टेजवरचा पोरगा बोलता बोलता अडखळून थांबला.

"कुठे?" त्याने विचारलं.

"'लिफ्टमध्ये अडकलेला प्रत्येक माणूस आमची वाट बघतोय.' इथे."

"पण मास्तर, ते खरंच आहे."

"अडकलेला माणूस दार उघडायची वाट बघतो रे. तुझी कशाला बघेल? तुला तो ओळखत तरी असतो का?"

शेजारी उभा असलेला त्याचा भागीदार फिसकन हसला. या दोघांनी लिफ्टला लावायचं एक यंत्र केलं होतं. लिफ्टची घरघर ऐकून ते तिचं दुखणं आधीच ओळखायचं. यंत्र चांगलं होतं. पण पोरं बोलायला लागली की कान झाकून पळावंसं वाटे.

"मग काय म्हणू?"

"तू स्वतः कधी अडकलायस?"

"एकदा. आजी होती बरोबर. तिला श्वास लागायला लागला. मी नुसता बटणं दाबत होतो."

"हे सांग."

पोरगा स्टेजच्या मधोमध परत गेला. मग त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, आणि आजीपर्यंत आला तेव्हा मागच्या रांगेतला हात मांडीवर निवांत पडून होता.

मास्तरांचं काम ते हेच. मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं, समोरचा बोलत असताना ऐकायचं, आणि ज्या वाक्याला विश्वास उडेल त्या वाक्याला हात वर करायचा. हात वर गेला की बोलणाऱ्याने थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. समजलं नाही म्हणून हात वर करायचा नाही, कंटाळा आला म्हणूनही नाही. पटलं नाही, एवढ्याच कारणासाठी. संस्थेत या पद्धतीला नावच पडलं होतं 'हात'. "आज तुमचा हात झाला का?" असं लोक एकमेकांना विचारत, आणि हातातून पार पडल्याशिवाय कुणालाही पैसेवाल्यांसमोर उभं करत नसत.

संस्था म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. नवी कंपनी काढू पाहणाऱ्या पोरांना निवडून आणायचं, चार महिने घासून-पुसून तयार करायचं, मग एक दिवस मोठमोठ्या गुंतवणूकदारांपुढे उभं करायचं, आणि या सगळ्याच्या बदल्यात त्या कंपनीतला छोटासा वाटा ठेवून घ्यायचा, हा तिचा धंदा. मास्तरांच्या सासूबाई शेवटपर्यंत समजत होत्या की जावई गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागलाय. मास्तरांनी त्यांचा तो समज कधी मोडला नाही. आपण नेमकं काय करतो हे समजावून सांगायला बसलं की त्यांची त्यांनाच पंचाईत व्हायची.

त्याआधी ते खरोखरचे मास्तर होते. सातवीला विज्ञान शिकवायचे. वर्गात त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं असे: मी सांगतो ते जिथे पटणार नाही तिथे हात वर करायचा, लाजायचं नाही. मुलं कसली लाजतात. "पृथ्वी फिरते," म्हटलं की पाच-सहा हात वर. मग आपण पडत का नाही? मग उडालेला पक्षी त्याच झाडावर परत कसा येतो? तास संपायचा, धडा राहायचा, आणि मुलं मधल्या सुट्टीत स्वतःभोवती गरगरा फिरून बघायची. एकदा एका कार्यक्रमासाठी सभागृह मिळेल का असं विचारायला शाळेत एक तरुण आला होता. तो वर्गाच्या दाराशी उभा राहून हे सगळं बघत राहिला.

"मास्तर, आमच्याकडे या," तो नंतर म्हणाला. "मुलांपेक्षा मोठ्यांना याची जास्त गरज आहे."

"मला धंद्यातलं काय कळतं?"

"म्हणूनच. आणि इथे काय होणार तुमचं? निवृत्त होईपर्यंत तुम्ही सातवीतच राहाल."

ते वाक्य मास्तरांना लागलं. त्यांनी तेव्हा हात वर करायला हवा होता. पण आपल्याबद्दलचं वाक्य असलं की माणसाचा हात जरा जड होतो.

तो तरुण आता संस्थेचा सर्वेसर्वा होता. त्याला साहेब म्हटलेलं आवडत नसे. इथे सगळे सारखे, असं त्याचं म्हणणं, म्हणून सगळे त्याला दादा म्हणत. मास्तर त्याच्यापेक्षा चांगले दहा वर्षांनी मोठे. तेही दादाच म्हणत.

लिफ्टवाले गेल्यावर दादाने मास्तरांना काचेच्या खोलीत बोलावलं. त्या खोलीत बोललेलं बाहेर ऐकू जात नसे, पण कोण मान डोलावतंय ते सगळ्यांना दिसे.

"बुधवारी भरतीचा मेळावा आहे, मास्तर. या वेळी आपल्याला कंपन्या नकोयत, माणसं हवीत. आपल्याकडे काम करायला. नवी शाखा उघडतोय ना."

"हो, ऐकलं."

"पगार आपण फार देऊ शकत नाही, तुम्हाला माहितीये. मग पोरं का येतील? करिअर घडतं म्हणून. ते सांगायला एक माणूस हवा. सगळ्यात जुना कोण आहे इथे?"

मास्तरांनी काचेतून बाहेर पाहिलं. ज्यांच्याबरोबर ते लागले होते त्यांतलं कुणीच बाहेर नव्हतं.

"मीच."

"बस. तुम्ही बोला. 'इथे काम करण्याचे फायदे.' भाषण लिहून तयार आहे, तुम्ही फक्त तुमच्या आवाजात म्हणा. तुमच्यावर लोकांचा विश्वास बसतो." दादाने कागद पुढे सरकवला. मग आवाज खाली आणला. "आणि नव्या शाखेत प्रशिक्षण विभागाला प्रमुख लागणार. माझ्या डोक्यात तुम्हीच आहात."

दादाच्या डोक्यात मास्तर बरीच वर्षं होते. तिथे त्यांची राहण्या-जेवण्याची उत्तम सोय होती, फक्त बाहेर पडायला वाट नव्हती. हे त्यांच्या मनात आलं, पण ते म्हणाले, "बघतो वाचून."

भाषण चांगलं लिहिलं होतं. त्यात तीन फायदे होते. पहिला: इथे एका वर्षात दहा धंदे आतून बघायला मिळतात. दुसरा: इथे अशी माणसं भेटतात जी एरवी टीव्हीवरच दिसतात. आणि तिसरा, शेवटचा, जाड अक्षरांत: 'इथे काम केलेल्या माणसाला कुठलंही दार बंद नसतं.'

पहिल्या दोन फायद्यांशी मास्तरांचं भांडण नव्हतं. दारात बसून पाहुण्यांची नोंद करणारी ताई दीड वर्षात एका कंपनीची व्यवस्थापक होऊन गेली. हिशेब बघणारा एक घुम्या पोरगा असाच कुणाचा तरी भागीदार झाला आणि आता मुलाखतींमधून घडाघडा बोलतो. वेळेवर आले, वेळेवर गेले. त्यांच्यासाठी हे ठिकाण जिना होतं. जिन्यावर कुणी मुक्काम करत नाही. मास्तरांनी केला.

आणि तिसऱ्या फायद्याची चव त्यांनी स्वतः घेतली होती. मागे एकदा ते चष्मेवाल्याकडे गेले होते. चष्मेवाला म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावणारा, त्यांच्या हाताखालून गेलेला एक उद्योजक. स्वस्तातली श्रवणयंत्रं करायचा. पहिल्या दिवशी स्टेजवर उभा राहिला तेव्हा त्याने स्वतःच्या कंपनीचं नावच चुकीचं सांगितलं होतं. मास्तरांनी त्याला सतरांदा थांबवलं, सतरांदा उभं केलं. आता त्याची स्वतःची इमारत होती. त्याने मास्तरांना मिठी मारली, स्वतःच्या खुर्चीत बसवलं, चहा स्वतः आणला.

"मास्तर, तुमच्याशिवाय मी नसतो."

"मग मला घे ना तुझ्याकडे. तुझी माणसं तयार करतो."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. "आनंदानं. पण तुमचं पद काय लिहू? म्हणजे तुम्ही नेमकं काय करता, हे आमच्या भरतीवाल्यांना काय सांगू?"

"सांग, मागे बसतो. पटलं नाही की हात वर करतो."

"तेच तर. आमच्याकडे याला जागाच नाही हो." तो खरोखर कळवळून म्हणाला. वाईट एवढंच होतं, की त्या वाक्याला हात वर करता येत नव्हता. ते पटलं होतं.

नंतर शाळेतही विचारून झालं. तिथे वयाची अट केव्हाच उलटून गेली होती. या दोन्ही गोष्टी मास्तरांनी घरी सांगितल्या नाहीत. बायकोला न सांगताच कळल्या. मुलीला कळल्या नाहीत.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं नाव. पण आता ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन बसली होती आणि भलतीच स्थिर झाली होती. लहान असताना रोज गोष्ट ऐकताना ती पांघरुणातून हात वर काढायची. "बाबा, वाघ असं बोलणारच नाही." मग मास्तर वाघाला दुसरं काहीतरी बोलायला लावत. उलट तिला शाळेतून यायला उशीर झाला आणि ती कारणं सांगू लागली की मास्तरांचा हात वर जाई. घरात असे दोन हात होते, आणि तिचा जास्त तिखट होता. संस्थेतला हात गावभर गाजला, तेव्हा ती मैत्रिणींना सांगत सुटली होती, "टीव्हीवर ते मोठे मोठे लोक बोलतात ना, त्यांना माझे बाबा बोलायला शिकवतात."

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा मायलेकींचं वाजलं होतं. बायको परिचारिका होती, नुकतीच ड्युटीवरून आलेली, अजून पायातले मोजेही काढले नव्हते.

"विचार बाबांना," ती म्हणाली. "विचारच. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कायमची नोकरी लागतेय. गुरुवारपर्यंत हो म्हणायचंय. आणि ही म्हणते, नको."

"नको नाही म्हटलं मी, आई. म्हटलं, बाबांकडे पण एका वर्षासाठी घेतायत. तिथे जाऊ का, असं वाटतंय."

"एका वर्षासाठी. आणि नंतर?"

"नंतर काय, कुठेही. प्रयोगशाळेत मी साठ वर्षांची होईपर्यंत बाटल्याच भरत बसेन."

ती हे म्हणाली आणि मास्तरांना आपल्या सातवीच्या वर्गाचं दार आठवलं, आणि दारातला तरुण.

"घरात एक जण हात वर करून बसलाय तेवढा पुरे आहे," बायको म्हणाली आणि मोजे काढायला आत गेली.

भिंगरी वडलांकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही इतकी वर्षं आत आहात. तुम्ही म्हणाल तसं करते."

एका शब्दाचं उत्तर होतं. मास्तरांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण खिशात दादाचा कागद होता, आणि डोक्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, प्रमुखाची खुर्ची अगदी हाताच्या अंतरावर दिसत होती. आणि त्याहून अवघड म्हणजे, 'नको' म्हटलं की पुढे 'का' येणार होतं. 'का'चं उत्तर द्यायचं तर चष्मेवाल्यापासून सुरुवात करावी लागणार होती.

"बुधवारी मी त्यावरच बोलणार आहे," ते म्हणाले. "मेळाव्याला ये. ऐक आणि ठरव."

"तुम्ही? स्टेजवर?" भिंगरी खूश झाली. "मग मी तुमच्या खुर्चीत बसणार."

नंतर भांडी विसळताना बायको त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "अहो, पोरीनं सरळ विचारलं होतं."

"सांगितलं ना, ये म्हणून."

"चार लोकांत काय सांगणार तुम्ही? जे इथे सांगता येत नाही ते?" तिने एक ताट पुसून ठेवलं. "खुर्ची मिळतेय वाटतं."

"डोक्यात आहे म्हणाला."

"हं. तुमची खुर्ची त्याच्या डोक्यात, आणि पोरगी तुमच्या हातात. बघा काय ते."

बुधवारी सभागृह खच्चून भरलं. सगळी विशी-पंचविशीतली पोरं. नव्या बुटांची, इस्त्रीच्या घड्या न मोडलेल्या शर्टांची. दादाने ओळख करून दिली: "हे मास्तर. यांच्या एका हाताने इथल्या सगळ्या कंपन्या घडल्यात." टाळ्या पडल्या. मास्तर स्टेजवर चढले आणि पहिल्यांदा त्यांना कळलं की इथून सगळं किती वेगळं दिसतं. दिवे तोंडावर येत होते. पुढच्या दोन रांगांतले चेहरे दिसत होते, त्यामागे सगळा अंधूक घोळका. पण कोपऱ्यातली ती खुर्ची त्यांना डोळे मिटूनही दिसली असती. भिंगरी तिथे बसली होती, पिशवी मांडीवर, पिशवीवर दोन्ही हात.

ते बोलायला लागले. चांगलं बोलले. पहिल्या फायद्यात त्यांनी लिफ्टवाल्या पोराची आजी सांगितली, लोक हसले आणि मग गप्प झाले. दुसऱ्या फायद्यात दारातल्या ताईची गोष्ट सांगितली. खरी होती, ती सांगताना त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. पुढच्या रांगेत दादा मान डोलावत होता. मग तिसरं वाक्य आलं.

"इथे काम केलेल्या माणसाला कुठलंही दार बंद नसतं."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मास्तरांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. आता हात वर जाणार, अशी त्यांची खात्री होती. वाघ खोटं बोलला की ओळखणारा तिखट हात. खरं सांगायचं तर त्याच भरवशावर ते वाक्य त्यांनी उच्चारलं होतं. पोरगी ओळखेल, हात वर करेल, आपल्याला काही सांगावं लागणार नाही.

हात पिशवीवरच होता. भिंगरी हनुवटी थोडी पुढे काढून ऐकत होती. सहा वर्षांची असताना गोष्ट पटली की अशीच ऐकायची. तिने का हात वर करावा? चष्मेवाल्याचं दार तिला कुठे माहीत होतं? तिला पटलं होतं, कारण बाबा सांगत होते.

आणि मास्तरांचा उजवा हात वर गेला.

त्यांनी तो वर केला असं म्हणता येणार नाही. इतक्या वर्षांची सवय. असं वाक्य कानावर पडलं की खांद्यातून काहीतरी उचललं जायचं, तसं ते उचललं गेलं. बोलणारेही तेच आणि थांबवणारेही तेच. ते हात वर करून भर दिव्यांत उभे राहिले, आणि आता पहिल्यापासून सुरू करायला हवं हे त्यांना कळत होतं, पण पहिलं म्हणजे कुठून, ते कळत नव्हतं.

मग दुसऱ्या रांगेतल्या एका पोराला वाटलं, मास्तर विचारतायत, कोण कोण तयार आहे? त्याने हात वर केला. त्याच्या शेजारणीने केला. मग ती रांग, मागची रांग, त्याच्या मागची. बघता बघता सगळं सभागृह हात वर करून बसलं, सातवीच्या वर्गासारखं. फक्त या हातांना काही विचारायचं नव्हतं.

"वा!" दादा उडी मारून उभा राहिला. "बघा! याला म्हणतात विश्वास!" फोटोवाला पळत पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि मास्तरांचा हात खालून वर असा टिपत राहिला.

हातांच्या त्या गर्दीत मास्तरांनी कोपरा शोधला. एकटी भिंगरी हात खाली ठेवून बसली होती. ती त्यांच्याकडे बघत होती. तिला समजलं होतं. ती हळूच उठली, पिशवी खांद्याला लावली आणि बाजूच्या दाराने बाहेर गेली. दार तिने आवाज न करता लोटून घेतलं.

घरी ताटं वाढली होती. भिंगरी म्हणाली, "प्रयोगशाळेला हो कळवलं."

"बरं केलंस," आई म्हणाली आणि नवऱ्याकडे बघायचं तिने टाळलं.

तिने लेकीच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. मग भिंगरीने विचारलं, "बाबा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हात. कधीपासून वर आहे?"

मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, ठेवला. "जेव. गार होतंय."

"मला आधी सांगायचं ना. मी लोकांना काय काय सांगत हिंडले तुमच्याबद्दल." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि मी तुमच्याच खुर्चीत बसून सगळं खरं मानत होते."

दुसऱ्या दिवशी मास्तर आपणहून काचेच्या खोलीत गेले. दादा खुशीत होता.

"मास्तर, कमाल केलीत. अर्ज नुसते धो धो येतायत. तो हात काय सुचला तुम्हाला! पोस्टर करतोय त्याचं."

"दादा, तो सुचला नव्हता. मला ते वाक्य पटलं नाही, म्हणून वर गेला."

दादा हसायला लागला. मग त्याने मास्तरांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. बाहेरून कुणी बघत नाही ना, हे त्याने काचेतून पाहून घेतलं.

"कुणाला बोललात का हे?"

"नाही."

"नका बोलू. छापायला गेलंय." तो उठून त्यांच्या शेजारी येऊन बसला, फार प्रेमाने. "आणि ते प्रमुखाचं... त्या जागेवर बाहेरून एक जण आणतोय. गुंतवणूकदारांचा आग्रह, माझा इलाज नव्हता. हुशार आहे, तरुण आहे. त्याला कामाची ओळख तुम्हीच करून द्या. 'हात' कसा करतात ते शिकवा. तुम्ही प्रमुख होऊन कागद कशाला खरडायचे? तुम्ही तर आमचा चेहरा आहात."

मास्तरांनी मान डोलावली. बाहेरच्यांना तेवढंच दिसलं.

महिनाभराने नवी माणसं रुजू झाली. सभागृहाच्या भिंतीवर आता मास्तरांचा फोटो होता, छतापासून खुर्च्यांच्या पाठींपर्यंत. हात वर, चेहऱ्यावर दिव्यांचा उजेड, आणि खाली तेच वाक्य जाड अक्षरांत. मास्तरांची कोपऱ्यातली खुर्ची नेमकी त्या फोटोखाली आली होती. शेजारी आणखी एक खुर्ची मांडली होती, तिच्यात नवा प्रमुख. सभ्य पोरगा होता. मास्तर काय करतात ते बघून लिहून घेत होता.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्टेजवर येऊन आपण इथे का आलो ते सांगायचं, अशी रीत होती. आणि मास्तरांनी ऐकायचं. एकेक जण येत होता. एक जण म्हणाला, "मला जग बदलायचंय." मास्तरांचा हात वर गेला, हशा पिकला, त्याने पुन्हा सुरुवात केली आणि कबूल केलं की मामाने पाठवलं. त्यालाही टाळ्या पडल्या.

मग एक मुलगी आली. भिंगरीच्याच वयाची. वेणी घट्ट बांधलेली, हातात कागद नाही. तिने मागच्या रांगेकडे, मग वर फोटोकडे आणि पुन्हा मास्तरांकडे पाहिलं.

"मी मेळाव्याला आले होते," ती म्हणाली. "तेव्हा मी एका शाळेत शिकवत होते. कायमची होणार होते. घरचे नको म्हणत होते. पण सरांनी हात वर केला ना, तेव्हा मला वाटलं, एवढा मोठा माणूस एवढ्या खात्रीनं सांगतोय. मग मी शाळा सोडली. इथे काम केलेल्या माणसाला कुठलंही दार बंद नसतं, म्हणून मी आले."

मास्तरांच्या खांद्यात ते उचललं गेलं.

त्यांनी उजवा हात खुर्चीवर ठेवला आणि त्यावर मांडी ठेवून बसले. मुलगी उभी होती. नवा प्रमुख पेन्सिल रोखून त्यांच्याकडे बघत होता. तिची शाळेतली नोकरी तर सुटली होती. आता हात वर करून कुणाचं काय भलं होणार होतं? आठवड्यापूर्वी, महिन्यापूर्वी झालं असतं. घरी, एका शब्दात, झालं असतं.

हात खाली धडपडत होता. मास्तरांनी सगळं वजन त्या बाजूला टाकलं.

"नाही गेला!" दारातून दादा ओरडला. "बघा, मास्तरांचा हात नाही गेला! पहिल्या फटक्यात पास!"

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मुलगी लाजून हसली, स्टेजवरून उतरली आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत थेट मागच्या रांगेत आली.

"सर, थँक्यू," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

मास्तर उठायला लागले. मांडीखालून त्यांनी आपला हात बाहेर काढला. तो पांढरा पडला होता, खुर्चीच्या वेताचे वळ उमटले होते. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि हलवत राहिली. हात आपला आहे हे मास्तरांना दिसत होतं. कळत काही नव्हतं.